बावड्याहून लेण्यांकडे : पहिल्या अभ्याससहलीची आखणी

आपल्या निवासी शाळेचे माजी विद्यार्थी आणि पालक भेटले की एक प्रश्न आम्हांस हमखास विचारतात : "गुरुजी, मुलांना लेणी दाखवायची आहेत, पण कोठून सुरुवात करावी?" प्रश्न साधा वाटला तरी त्याचे उत्तर चार वाक्यांत संपत नाही. इंदापूर तालुक्यातील आपल्या मुलांनी नीरा-भीमेचे पात्र पाहिलेले असते, उजनीचे पाणी पाहिलेले असते, उसाचे फड तर रोजच पाहिलेले असतात. परंतु डोंगराचा सरळ उभा कडा आणि त्याच्या पोटात कोरलेले घर ही गोष्ट त्यांच्या नजरेस सहसा पडत नाही. म्हणून पहिल्यांदाच लेणी पाहावयास निघणाऱ्या कुटुंबांना, महिला मंडळांना आणि शाळांना उपयोगी पडेल अशी आखणी या स्मरणिकेच्या निमित्ताने सविस्तर मांडत आहोत.

गुहा आणि लेणे

आरंभी शब्द नीट समजून घेऊ. मेघालयासारख्या प्रदेशात चुनखडीचा दगड पावसाच्या पाण्यात हळूहळू विरघळतो आणि जमिनीखाली मैलोन्‌मैल नैसर्गिक गुहा तयार होतात. त्या पाहण्याची विद्या निराळी. तेथे दोर, शिरस्त्राण आणि जाणता वाटाड्या लागतो. आपला महाराष्ट्र बहुतांशी काळ्या कातळाचा, म्हणजे बेसाल्टचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर पसरून हा कातळ बनला. तो पाण्यात विरघळत नाही. म्हणून आपल्याकडे 'गुहा' म्हणून जे दाखविले जाते ते बहुधा माणसाच्या छिन्नी-हातोड्याने घडविलेले असते. निसर्गाने केवळ कडा दिला; घर माणसाने कोरले.

'लेणे' हा शब्दही आपल्याच वारशातला आहे. पाली भाषेत 'लेण' म्हणजे आश्रयस्थान. विनयपिटकातील चुल्लवग्गात भगवंतांनी भिक्खूंना पाच प्रकारच्या निवासांची अनुज्ञा दिल्याचे सांगितले आहे : विहार, अड्ढयोग, पासाद, हम्मिय आणि गुहा. या पाचांना मिळून 'पंच लेण' असे म्हटले आहे. आषाढी पौर्णिमेपासून आश्विनी पौर्णिमेपर्यंतचा वर्षावास भिक्खुसंघाने एका ठिकाणी राहून काढावयाचा असतो. त्या निवासाची गरज आणि सह्याद्रीचा टणक, एकसंध कातळ यांच्या भेटीतून ही परंपरा बहरली. कातळ कोरण्याची प्रथा अशोकाच्या काळी गयेजवळच्या बराबर टेकड्यांत दिसते. तेथील लेणी सम्राटाने आजीवक पंथीयांना दिली होती. पुढे ही कला पश्चिमेकडे आली आणि येथे अशी रुजली की भारतातील कोरीव लेण्यांपैकी बहुसंख्य आज महाराष्ट्रात आहेत.

मग आपल्या भागात लेणी का नाहीत? कारण दोन गोष्टी लागतात : उभा कडा आणि वाहता मार्ग. कोकणातील बंदरांवर उतरलेला माल घाट चढून देशावर येई. बोरघाट, नाणेघाट यांसारख्या वाटांच्या माथ्यालगत व्यापाऱ्यांचे तांडे विसावत; दान देणारेही तेथेच भेटत. लेणी आणि व्यापारी मार्ग यांचा हा संबंध दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी पायी भटकंती करून फार बारकाईने दाखवून दिला आहे. आपला मुलूख सपाट आणि घाटांपासून दूर. म्हणून आपणांस पश्चिमेकडे, मावळात जावे लागते.

कोणती लेणी निवडावीत?

पहिल्याच सहलीत अजिंठा-वेरूळ गाठावे, असे अनेकांस वाटते. आमचे मत वेगळे आहे. वेरूळला ३४ लेणी आहेत. त्यांत बौद्ध, ब्राह्मणी आणि जैन अशी तिन्ही परंपरांची कामे आहेत. अजिंठ्याची चित्रे समजण्यास जातककथांची ओळख हवी. नवख्या माणसाचे डोळे तेथे दिपून जातात. पाहिलेले मनात उतरत नाही. पहिल्या सहलीसाठी कार्ले, भाजे आणि बेडसे ही पुणे जिल्ह्यातील तीन ठिकाणे सर्वांत सोयीची. तिन्ही मावळ तालुक्यात, एकमेकांपासून जवळ, तिन्ही प्राचीन, आणि तिन्हींमध्ये चैत्यगृह, विहार, स्तूप व पाण्याची टाकी हे चारही घटक स्पष्ट दिसतात. एकाच भागातील तीन चैत्यगृहे लागोपाठ पाहिली म्हणजे कोणती जुनी, कोणती नंतरची, हे मुले स्वतःच ताडू लागतात. इतिहास शिकविण्याची याहून चांगली रीत आम्हांस ठाऊक नाही.

भाजे येथील लेणी सर्वसाधारणपणे इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातील मानली जातात. तेथील चैत्यगृहाचे २७ खांब आत कललेले आहेत. दगडी खांबाला कलण्याची गरज नसते. लाकडी इमारतीत छपराचा भार पेलण्यासाठी खांब तिरपे रोवीत. दगडात कोरतानाही कारागिरांनी जुनी सवय सोडली नाही. चैत्यगृहाच्या एका बाजूस १४ लहान स्तूपांचा समूह आहे. हे स्तूप दिवंगत स्थविरांच्या स्मरणार्थ आहेत आणि त्यांपैकी काहींवर स्थविरांची नावे कोरलेली आहेत. शेवटच्या बाजूस असलेल्या लहान विहारात रथारूढ आणि गजारूढ आकृतींचे प्रसिद्ध शिल्प आहे.

बेडसे इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या सुमाराचे. ओसरीतील सुमारे पंचवीस फूट उंचीचे खांब आणि त्यांच्या शिरोभागी बसलेली प्राण्यांवरील स्वारांची युगुले पाहताना मान अवघडते. नाशिकच्या आनंद श्रेष्ठीच्या पुष्यणक नावाच्या मुलाचे दान येथे लेखात नोंदले आहे. एका लहान स्तूपावर गोभूती नावाच्या अरण्यवासी, भिक्षान्नावर राहणाऱ्या भिक्खूचे नाव असून तो स्तूप त्यांच्या शिष्याने करविला. गुरूचे स्मरण शिष्याने दगडात जपावे, ही गोष्ट निवासी शाळेत वाढलेल्या मुलांना वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

कार्ल्याचे चैत्यगृह भारतातील कोरीव चैत्यगृहांत सर्वांत मोठे : सुमारे १२४ फूट लांब, ४५ फूट रुंद आणि जवळपास तितकेच उंच. दोन्ही बाजूंस पंधरा-पंधरा आणि स्तूपामागे सात, असे ३७ खांब आहेत. छताच्या लाकडी फासळ्या आणि स्तूपावरील लाकडी छत्र आजही शिल्लक आहे. वैजयंती, म्हणजे आजच्या कर्नाटकातील बनवासी येथील भूतपाल श्रेष्ठीने हे शैलगृह पूर्ण करविले आणि ते जंबुद्वीपात उत्तम असल्याचे अभिमानाने कोरून ठेवले. त्याचा अभिमान खोटा नव्हता, हे आत पाऊल टाकताच पटते.

केव्हा जावे?

लोणावळ्याच्या पावसाचे वर्णन ऐकून पुष्कळजण श्रावणात निघतात. पहिल्या सहलीसाठी तो काळ टाळावा. पायऱ्यांवर शेवाळ धरते, कड्यावरून दगड घसरतात, भाज्याच्या धबधब्यावर झुंबड उडते आणि वाहनांच्या रांगेतच दिवस सरतो. आश्विनी पौर्णिमेस वर्षावास संपला म्हणजे भिक्खुसंघ चारिकेस निघत असे. आपणही त्याच सुमारास निघावे. दिवाळीनंतरचे दिवस ते माघ पौर्णिमा हा काळ उत्तम. हवा कोरडी, झऱ्यांना अजून थोडे पाणी, आणि ऊन सोसवेल इतके. आपल्याकडे त्याच वेळी उसाची तोड सुरू होते. ज्या पालकांना कामावरून सुटी मिळणे कठीण, त्यांच्या मुलांची जबाबदारी शेजारच्या कुटुंबाने घ्यावी. तोडीच्या हंगामामुळे एकही मूल मागे राहू नये.

कार्ल्यास चैत्यगृहाच्या अगदी पुढ्यात एकवीरा देवीचे मंदिर आहे. चैत्री यात्रा आणि नवरात्र या दिवसांत तेथे कोळी बांधवांसह हजारो भाविक येतात. त्या दिवसांत अभ्याससहल नेऊ नये. शनिवार-रविवारही शक्यतो टाळावेत.

दोन दिवसांची आखणी

बावड्याहून कार्ल्याचे अंतर दोनशे किलोमीटरांच्या वर आहे. एका दिवसात जाऊन येण्याचा अट्टाहास केल्यास मुले गाडीत झोपतात आणि लेण्यांत पेंगतात. म्हणून दोन दिवस ठेवावेत.

पहिला दिवस : पहाटे पाचला प्रस्थान. इंदापूर, भिगवण, यवत या मार्गाने पुणे ओलांडून साडेदहा-अकराच्या सुमारास देहूरोड. येथील विहारात बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी तथागतांच्या मूर्तीची स्थापना केली. नागपूरच्या धम्मदीक्षेच्या जवळजवळ दोन वर्षे आधीची ही घटना आहे. येथे वंदना आणि भोजन. दुपारी दोनपर्यंत कार्ले. या चैत्यगृहाचे तोंड पश्चिमेस असल्याने दुपार कलू लागली की मोठ्या पिंपळपानी गवाक्षातून प्रकाश आत शिरतो आणि स्तूप उजळतो. सकाळी गेलेल्यांना हे दृश्य दिसत नाही. मुक्कामासाठी देहूरोड-कार्ले परिसरातील विहार अथवा धर्मशाळेशी किमान महिनाभर आधी बोलून ठेवावे.

दुसरा दिवस : सकाळी लवकर कामशेतमार्गे बेडसे. हे लेणे पूर्वाभिमुख आहे, म्हणून कोवळ्या उन्हातच पाहावे. तीनशेहून अधिक पायऱ्या असल्या तरी सकाळच्या गारव्यात त्या जाणवत नाहीत. गर्दी नसते, मुलांना शांत बसवून बोलता येते. अकराच्या सुमारास भाजे. दुपारचे जेवण तेथील पायथ्याशी उरकून तीनला परतीचा प्रवास, रात्री नऊ-साडेनऊला बावडा.

ज्यांना स्वतंत्र गाडी करणे परवडत नाही, अशा लहान कुटुंबांनी एस. टी.ने पुणे गाठावे आणि पुणे स्थानकावरून लोणावळ्याची लोकल धरावी. देहूरोड, कामशेत आणि मळवली ही तिन्ही स्थानके त्याच मार्गावर आहेत. मळवलीस उतरल्यावर भाजे चालत जाण्याजोगे आहे. कार्ल्यास रिक्षा मिळते. शाळांनी एस. टी.च्या आगारात प्रासंगिक कराराच्या गाडीची आणि शालेय सहलीच्या सवलतीची चौकशी करावी. लेण्यांची वेळ आणि प्रवेशशुल्क यांचीही आदल्या आठवड्यात खात्री करून घ्यावी. पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत पंधरा वर्षांखालील मुलांना शुल्क नसते. त्यासाठी वयाची यादी मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्यासह जवळ असावी.

शिदोरी, पाणी आणि सुरक्षितता

प्रत्येकी दोन लिटर पाणी, बाजरीची किंवा ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, आणि आपल्या तालुक्याचे पेरू-डाळिंब एवढी शिदोरी पुरते. लेण्यांच्या आवारात खाऊ नये. माकडे पिशव्या हिसकावतात. पायात घट्ट बसणारे, न घसरणारे तळाचे बूट हवेत. चपलेवर पायऱ्या उतरताना घोटा मुरगळतो. प्रत्येक दहा मुलांमागे एक जाणती व्यक्ती आणि प्रत्येक गटाजवळ एक विजेरी असावी.

कड्यांवर आग्यामोहोळ असते. त्याच्या खाली धूर, आरडाओरडा, उग्र अत्तर आणि दगडफेक यांपैकी काहीही चालत नाही. अंधाऱ्या खोलीत शिरण्यापूर्वी विजेरीचा झोत जमिनीवर टाकून पाहावे. साप गारव्यास येतात. पाण्याच्या टाक्यांच्या काठावर कोणासही उभे राहू देऊ नये. वरून उथळ दिसणारे टाके आतल्या बाजूस कातळाखाली खोल गेलेले असते आणि त्याच्या भिंतीस पकड नसते.

मुलींच्या बाबतीत अधिक काळजी हवी. सोबत शिक्षिका अथवा माता असलीच पाहिजे. स्वच्छतागृह कोठे आहे हे आधी पाहून ठेवावे. सॅनिटरी पॅड प्रथमोपचाराच्या पेटीत न मागता मिळतील असे असावेत. एवढ्या साध्या तयारीअभावी अनेक पालक मुलींना सहलीस पाठवीत नाहीत. दम्याचा, फिट येण्याचा त्रास असलेल्या मुलांची माहिती पालकांकडून लेखी घ्यावी. ज्येष्ठांसाठी कार्ल्यास डोंगराच्या मध्यापर्यंत वाहनाचा रस्ता आहे. त्यांनी बेडसे सोडून कार्ले व भाजे पाहिले तरी चालेल.

डोळ्यांची तयारी

पायांच्या तयारीस आठवडा पुरतो. डोळ्यांच्या तयारीस पंधरवडा द्यावा. रोज संध्याकाळच्या वंदनेनंतर अर्धा तास पुरे. फळ्यावर स्तूपाची आकृती काढून वेदिका, अंड, हर्मिका, छत्र हे भाग शिकवावेत. ज्यात स्तूप आहे आणि ज्यात प्रदक्षिणा होते ते चैत्यगृह. मधल्या दालनाभोवती निजण्याच्या खोल्या आहेत तो विहार. पाणी साठविण्याचे टाके ते शिलालेखांतील 'पोढी'. एवढे चार-सहा शब्द हाती असले की मूल कोणत्याही लेण्यात हरवत नाही.

त्यानंतर ब्राह्मी लिपीची तोंडओळख. बेरजेचे चिन्ह म्हणजे 'क', वर्तुळ म्हणजे 'ठ', कौलारू छपरासारखी दोन तिरकी रेघोटी म्हणजे 'ग', आडव्या रेघेवर उभी रेघ म्हणजे 'न'. जेम्स प्रिन्सेप यांनी १८३७ मध्ये सांचीच्या लेखांत शेवटी वारंवार येणारा शब्द 'दानं' असल्याचे ओळखले आणि तेथून ब्राह्मीचे कुलूप उघडले. आपल्या मुलांनीही प्रथम तोच शब्द शिकावा. कार्ल्याच्या खांबांवर तो पुन्हा पुन्हा येतो. दोन हजार वर्षांपूर्वीचा शब्द एखादी सातवीतली मुलगी स्वतः वाचते, तेव्हा तिला इतिहास कोणी सांगावा लागत नाही.

अक्षरे दिसत नाहीत म्हणून त्यांवर खडू अथवा कोळसा फासण्याची वाईट प्रथा काही अभ्यासकांतही आहे. त्याने कातळ खराब होतो. विजेरी समोरून न धरता बाजूने, भिंतीलगत तिरपी धरावी. खोदलेल्या रेघांत सावली भरते आणि अक्षर आपोआप उठून दिसते.

आणखी एक खेळ मुलांना द्यावा : अपुरे राहिलेले काम शोधणे. अर्धवट खोल्यांत छिन्नीचे घाव ताजे असल्यासारखे दिसतात. लेणे वरून खाली कोरीत, आधी छत आणि मग जमीन. त्यामुळे लाकडाच्या पहाडाची, म्हणजे परातीची, गरज कमी लागे. कातळात भेग निघाली तर काम सोडून द्यावे लागे. पूर्ण लेणे आपणांस भक्ती शिकविते. अपुरे लेणे कारागिराची रीत शिकविते.

नावे कोणाची कोरली गेली?

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून आम्हांस कार्ल्याचे शिलालेख विशेष मोलाचे वाटतात. तेथे राजे आहेत : नहपानाचा जावई उषवदात याने 'वलुरक' येथील, म्हणजे या लेण्यांतील, भिक्खूंसाठी गाव दान दिले, आणि पुढे सातवाहनांनीही संघाच्या दानाची नोंद येथे करून ठेवली. परंतु राजांच्या बरोबरीने येथे साधी माणसे आहेत. धेनुकाकट येथील सिंहदत्त नावाचा सुगंधी द्रव्यांचा व्यापारी आहे. त्याच गावचा, वेणुवासाचा मुलगा सामी नावाचा सुतार आहे. प्रवेशद्वाराच्या कामाशी या दोघांची नावे जोडलेली आहेत. खांब दान करणारे यवन आहेत. वेदिका दान करणाऱ्या भिक्षुणी आहेत. बेडशास पाण्याच्या टाक्याजवळ सामडिनिका नावाच्या एका महारठिणीचे दान नोंदलेले आहे.

सुताराचे नाव श्रेष्ठीच्या नावाइतक्याच टणक कातळात कोरले गेले, ही गोष्ट आपल्या मुलांनी जरूर पाहावी. मात्र तेथे थांबून त्यांना हेही विचारावे : ज्या शेकडो पाथरवटांनी हा डोंगर फोडला, त्यांची नावे कोठे आहेत? बहुतेकांची नाहीत. अभिमान आणि प्रश्न दोन्ही घेऊन परतणे, हेच अभ्याससहलीचे फळ होय.

अभिमानाच्या भरात सत्याचा हात सुटू नये, हेही सांगणे आवश्यक आहे. प्रत्येक लेणे बौद्धच असते असे नाही. कामशेतजवळच्या पाले येथील प्राचीन लेणे जैन परंपरेचे मानले जाते. कार्ल्याच्या दर्शनी भागातील बुद्धमूर्ती मूळ लेण्याच्या काळातील नसून काही शतकांनी महायान काळात कोरलेल्या आहेत. दाराशेजारची स्त्री-पुरुषांची युगुले मात्र मूळची. लोक लेण्यांना 'पांडवलेणी' म्हणतात, तेव्हा त्यांची टिंगल करू नये. लिपी विस्मृतीत गेल्यावर लोकांनी परिचित नावे दिली, एवढाच त्याचा अर्थ. आपण शांतपणे शिलालेखाकडे बोट दाखवावे. एकवीरेच्या दर्शनास आलेल्या भाविकांशीही सौजन्याने वागावे. वाद घालून लेणे वाचत नाही. जाणणारी माणसे वाढल्याने वाचते.

वर्तन

चैत्यगृहात पादत्राणे काढून, हलक्या स्वरात त्रिसरण-पंचशील घेऊन स्तूपास प्रदक्षिणा घालावी. घुमणारा आवाज ऐकण्यासाठी घोषणा देऊ नयेत. मेणबत्ती, अगरबत्ती लावू नये. काजळीने कातळ आणि प्राचीन लाकूड दोन्ही खराब होतात. भिंतीवर नाव लिहिणे हा गुन्हा आहे. प्राचीन स्मारकांविषयीच्या १९५८ च्या कायद्यात २०१० साली झालेल्या दुरुस्तीनुसार स्मारकाची नासधूस करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. ज्या भिंतीवर एका सुताराचे नाव दोन हजार वर्षे टिकले, तीवर बदामाच्या आकृतीत आपले नाव ओरखडणारा मनुष्य कोणत्याही समाजाचा असो, तो आपल्याच पूर्वजांचा अपराधी ठरतो. निघताना प्रत्येकाने एक पिशवी कचरा उचलून आणावा.

१९३४ ची सहल

या विषयाचा एक भाग असा आहे की तो सांगितल्यावाचून ही आखणी पुरी होत नाही. १९३४ साली चळवळीतील काही सहकाऱ्यांनी बाबासाहेबांबरोबर सहलीस जाण्याची इच्छा व्यक्त केली. काहीही झाले तरी वेरूळची बौद्ध लेणी पाहावयाचीच, असे ठरले. सुमारे तीस जण निघाले. वाटेत ते दौलताबादचा किल्ला पाहावयास गेले. प्रवासाच्या धुळीने माखलेल्या या मंडळींपैकी काहींनी किल्ल्याच्या दाराबाहेरील हौदाच्या पाण्याने हातपाय-तोंड धुतले. अस्पृश्यांनी हौद बाटविला म्हणून तेथे मोठा गोंधळ झाला. शिवीगाळ झाली. अखेर किल्ला पाहण्याची परवानगी मिळाली ती या अटीवर की आतील पाण्यास कोणी शिवणार नाही. आणि त्यावर लक्ष ठेवण्यासाठी एक शस्त्रधारी शिपाई सोबत देण्यात आला. बाबासाहेबांनी हा प्रसंग 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आपल्या आठवणींत लिहून ठेवला आहे. त्याच्या सात वर्षे आधी, २० मार्च १९२७ रोजी, त्यांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले होते.

आता लेण्यांतील त्या पोढ्या आठवाव्यात. तेथे पाण्याचे टाके खोदविणे हे दान होते, आणि ते दान देणाऱ्या स्त्री-पुरुषांनी आपली नावे त्या टाक्याजवळ कोरली. पाणी देण्यात पुण्य मानणारा समाज या डोंगरांत होता. पाण्यावर पहारा बसविणारा समाज पुढे याच भूमीवर झाला. या दोन वस्तुस्थितींमधील अंतर मुलांना फळ्यावर समजावून सांगता येत नाही. भाज्याच्या टाक्यापाशी त्यांना पाच मिनिटे शांत बसवून दौलताबादची हकीकत सांगावी. मग आपल्या बाटलीतील पाणी शेजाऱ्यास देऊन स्वतः प्यावे. एवढा एक पाठ झाला तरी दोनशे किलोमीटरांचा प्रवास वाया गेला नाही, असे समजावे.

खर्च आणि दान

शेवटचा मुद्दा पैशाचा. गाडी, भोजन आणि मुक्काम यांचा एकूण खर्च काढून माणशी वाटणी करावी व ती यादी सर्वांसमोर फळ्यावर लिहावी. ज्या घरास ती झेपत नाही त्याचे नाव मात्र फळ्यावर कधीही येऊ नये. कार्ल्याचे भव्य चैत्यगृह एका राजाच्या तिजोरीतून उभे राहिलेले नाही; कोणी खांब दिला, कोणी दार दिले, कोणी वेदिका दिली. आपल्या माजी विद्यार्थ्यांनी याच रीतीने एकेका मुलाची जागा द्यावी, अशी आमची नम्र विनंती आहे. शाळेच्या कार्यालयात त्यासाठी स्वतंत्र वही ठेवता येईल. दात्याचे नाव वहीत असेल, घेणाऱ्याचे नसेल.

पहिली सहल नीट पार पडली म्हणजे पुढच्या वर्षी जुन्नर. तेथे परिसरातील डोंगरांत दोनशेच्या आसपास लेणी आहेत आणि जवळच नाणेघाटाचा सातवाहनकालीन लेख आहे. त्यानंतर कान्हेरी, आणि मग सराव झालेल्या डोळ्यांनी अजिंठा व वेरूळ. अशा पाच वर्षांत पाचवीत आलेले मूल शाळा सोडण्यापूर्वी आपला वारसा स्वतःच्या पायांनी चालून आणि स्वतःच्या डोळ्यांनी वाचून घेईल. येत्या आश्विनी पौर्णिमेपूर्वी पालकांची एक बैठक व्हावी, तारीख ठरावी आणि फळ्यावर 'क', 'ठ', 'ग', 'न' लिहिण्यास आरंभ व्हावा.

भवतु सब्ब मंगलम्.